आडवा टाका

४ जून

नाना,

तुमच्या पाया पडून निघायचं होतं, ते राहिलं. तुम्ही मागच्या दारानं दुकानात निघून गेलात. म्हणून इथूनच वाकते आहे. आशीर्वाद द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

पोचले. खोली मिळाली आहे, एका नर्सबाईंबरोबर वाटून. दोन खाटा, एक कपाट, आणि खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. नर्सबाई म्हणाल्या, "भिंत आहे ते बरंय. कुणी आत बघत नाही." मी म्हटलं, "पण आपल्यालाही काही दिसत नाही." तर म्हणाल्या, "दिसण्यासारखं काय आहे ते मला महिन्याभरानं सांग."

निघायच्या दिवशी सकाळी बॅग उचलली तर तिची तुटकी मूठ नवी झालेली. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय ठाऊक, उंदरानं शिवली असेल." आपल्या घरचा उंदीर मेण लावलेला दोरा वापरतो आणि गाठीवर शेवटी एक आडवा टाका घालतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या उंदराला माझा नमस्कार सांगा.

तुम्ही म्हणालात, "एक लेकरू त्या शहरानं नेलं, दुसरं मी आपण होऊन देणार नाही." नाना, मला कुणी कुणाला दिलेलं नाही. मी नोकरीला आले आहे. घरातली पहिली पदवी ट्रंकेत ठेवून वर कुलूप घालायचं होतं, तर मला शिकवलंत कशाला?

आणि दादाला शोधायला मी आलेले नाही. हे लिहून टाकते, म्हणजे तुम्ही पुढची पत्रं उघडाल.

तुमची टकळी

२१ जून

नाना,

उत्तर नाही. हरकत नाही. टकळीला समोरून सूत लागत नाही, ती आपली फिरते.

नोकरी कसली ते आईनं विचारलंच असेल. शहरात हरवलेल्या वस्तू ज्या सरकारी कचेरीत जमा होतात, तिथे मी कारकून. ऐकून हसाल. ज्या घरात "सापडलेलं ठेवू नये, हरवलेलं मागू नये" हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो, त्या घरातली मुलगी दिवसभर खिडकीत बसून लोकांना म्हणते, "मागा! काय हरवलंय ते मोठ्यानं मागा!"

खोली लांबलचक आहे. भिंतीला फळ्या, फळ्यांवर छत्र्या, बॅगा, चपला (बहुधा एकेकच), काठ्या, चष्मे. कुबड्यासुद्धा आहेत. कुबडी विसरून माणूस चालत घरी कसा गेला, हे कोडं इथे कुणालाही सुटलेलं नाही. खिडकी सांभाळणाऱ्या आमच्या मोठ्या बाई. त्यांचा नियम एकच, कुठे हरवली, कशी दिसते आणि आत काय आहे, ही तिन्ही उत्तरं बरोबर आली तरच वस्तू मिळणार. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "दया घरी ठेवून यायची. इथे खूण."

परवा एक गृहस्थ आले, दातांची कवळी हरवली म्हणून. आमच्याकडे कवळ्यांचा एक डबाच आहे. त्यांनी एक लावून पाहिली, दुसरी लावून पाहिली, तिसरी बसली. खूश होऊन निघाले, तर बाई म्हणाल्या, "थांबा. बसली म्हणजे तुमची झाली का? जावई पण बसतो चार दिवस, म्हणून काय घरचा होतो?"

पण नाना, आपल्यासारखी माणसं मला लांबूनच ओळखू येतात. ती खिडकीशी येत नाहीत. खांबाजवळ उभी राहतात आणि आपल्याकडे कुणी बघेल याची वाट बघतात. काल एक म्हातारे सकाळपासून तसे उभे होते. शेवटी मीच बाहेर गेले.

"काय हवंय, काका?"

"काही नाही. आमचं एक गाठोडं होतं. कुणाला लागत असेल तर राहू द्या."

मागून बाई ओरडल्या, "खिडकीशी येऊन सांगा म्हणावं! भिंतींना ऐकू येत नाही!"

मी त्यांना हाताला धरून खिडकीशी आणलं. गाठोडं खालून दुसऱ्याच फळीवर होतं. ते घेतल्यावर म्हाताऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना चोरी करायला लावली.

तुम्ही सांगायचात, मागणं म्हणजे संशय घेणं. ज्याला सापडलं त्याच्यावर आपण बोट ठेवतो. आईचं कर्णफूल पडलं तेव्हा तुम्ही शेजारीसुद्धा विचारू दिलं नव्हतंत. ज्याला मिळेल तो आणून देईल, म्हणालात. आपल्या आळीत ते खरंही असेल. पण इथे ज्याला सापडतं आणि ज्याचं हरवतं, ती दोघं जन्मात एकमेकांना भेटत नाहीत. मध्ये एक खिडकी असते, आणि खिडकीशी जावं लागतं.

शहरानं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. मी एक पाटी रंगवून ती खिडकीवर लावायची परवानगी मागितली आहे : "विचारा. विचारल्याबद्दल इथे कुणी रागावत नाही." बाई म्हणाल्या, "मी रागावते." पण पाटी त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून घेतली, फेकली नाही.

तुमची टकळी

१२ ऑगस्ट

नाना,

हे पत्र आधी तुम्ही वाचा. आईला लगेच वाचून दाखवू नका.

दादा सापडला.

मी शोधायला आले नव्हते, हे मी लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. एवढ्या शहरात मी कुठे शोधणार होते? पण गेल्या आठवड्यात ट्रंकेवर घालायची एक जाड कापडी खोळ जमा झाली. ती घडी करताना कोपरा हाताला लागला आणि बोट तिथेच अडकलं. गाठ, आणि गाठीवर एक आडवा टाका. तुमचा नव्हे, तुमचे टाके मला माहीत आहेत, ते याहून बारीक. पण असा टाका तुम्ही जगात एकाच माणसाला शिकवला आहे. मला शिकवा म्हटलं तर "तू पुस्तकं वाच" म्हणालात.

खोळीच्या आत कारखान्याची चिठ्ठी शिवलेली होती. रविवारी गेले. ताडपत्र्या शिवण्याचा कारखाना आहे. नुसती एक प्रचंड फरशी, तिच्यावर मैदानाएवढी ताडपत्री पसरलेली, आणि माणसं तिच्यावर बसून कडेकडेनं शिवत सरकतात. तळहाताला चामड्याची पट्टी, तोंडात दोरा. दादा पाठमोरा होता. तरी मी ओळखलं. दोरा ओढताना तो तुमच्यासारखा डावा खांदा उडवतो.

"कोण हवंय?" त्यानं न बघताच विचारलं. बोलणं अगदी इथल्यासारखं झालंय, तुटक.

"जो मला सारखं 'गप बस' म्हणायचा, तो."

त्यानं मान वळवली. सुई ताडपत्रीत तशीच राहिली. "टकळी? तू एवढी कधी झालीस?"

"तू नसताना. कुणी थांबवायला नव्हतं."

आम्ही फाटकाबाहेर उभं राहून बोललो. वाळलाय. दाढी ठेवली आहे, ती शोभत नाही. आईचं सगळं विचारलं, दुकानाचं विचारलं, मांजराचंसुद्धा विचारलं. मग बुटानं मातीत रेघ ओढत म्हणाला, "नानांनी कधी विचारलं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. पण आपल्याकडे खोटं बोलायच्या आधी कान लाल होतात. त्यानं ते पाहिलं आणि हसला.

नाना, घड्याळाची गोष्ट मी उकरून काढत नाही. गिऱ्हाइकाच्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं घड्याळ त्यानं चार दिवस मनगटाला बांधलं, हे चूकच. दुरुस्तीला आलेल्या बॅगेत काही सापडलं तर ते पुरचुंडीत बांधून परत करणारे तुम्ही. त्या विश्वासावर आपलं दुकान चाललं. पण ऐन बाजारात, सगळ्यांच्या देखत, ते त्याच्या मनगटावरून त्यालाच उतरवायला लावलंत. एकोणीस वर्षांचा होता. त्या आठवड्यात तो गेला, आणि तुम्ही एस.टी. स्टँडवरसुद्धा कुणाला विचारलं नाहीत. हरवलेलं मागू नये.

तो म्हणाला, "त्यांनी एकदा बोलावलं, तर दुसऱ्या दिवशी येईन. पण बोलावणं त्यांचं हवं. आईचं नको, तुझं नको."

कारखान्याचा पत्ता खाली लिहिते आहे. एक ओळ पुरे.

टकळी

३० सप्टेंबर

नाना,

ओळ आली नाही. दादाला मी म्हटलं, टपाल हल्ली उशिरा येतं. माझे कान लाल झाले असणार, कारण तो म्हणाला, "राहू दे."

माझ्या खांद्याच्या पिशवीचा पट्टा तुटला तेव्हा मी ती मुद्दाम घरी पाठवली. इथे कोपऱ्यावर दुरुस्ती करणारा आहे. पण मला वाटलं, पिशवीबरोबर दोन शब्द येतील. पट्टा शिवून आला, शब्द आले नाहीत. मी कागदसुद्धा झटकून पाहिला.

आणखी एक विचारते. टाके वाकडे का आलेत, नाना? आडवा टाका गाठीवर नाही, गाठीच्या शेजारी पडलाय. दिव्याची वात वाढवायला आईला सांगा. की हल्ली दिवसा कामच करत नाही? नर्सबाईंना पट्टा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "वडील किती दिवस गप्प आहेत?" मी म्हटलं, ते रागावलेत, चार महिने झाले. त्या म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात गप्प पडलेल्या माणसाला सगळे बरा झालाय समजतात. सगळ्यात आधी त्याच्याकडे जावं लागतं, हे मी इथे येऊन शिकले."

मी तुम्हाला सरळ विचारते आहे : तुम्हाला नीट दिसतं ना?

अजून एक कोडं. हरवलेलं मागू नये म्हणणारा माणूस आपल्या प्रत्येक कामावर खूण का ठेवतो? कुणी विचारलं तर "हे माझं" म्हणता यावं म्हणूनच ना?

पाटी लागली. बाईंनी "इथे कुणी रागावत नाही" खोडून "शक्यतो कुणी रागावत नाही" केलं.

टकळी

९ नोव्हेंबर

नाना,

तुम्ही आला होतात.

तुम्ही इथे, या शहरात, गाडीत बसून, माणसांना विचारत विचारत (की न विचारताच?) आलात, आणि मला दादाकडून कळतंय. माझ्या खोलीपर्यंत नाही आलात, कचेरीत नाही आलात. ठीक आहे. मी रुसणार होते, पण दादानं जे सांगितलं ते ऐकल्यावर रुसायचंही सुचेना.

तो म्हणाला, "सोमवारी दुपारी सुट्टीत दाराशी आलो. समोरच्या रंगाच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. मांडीवर खाकी पिशवी."

"मग?"

"मग काय? मी दारात उभा राहिलो."

"त्यांनी पाहिलं तुला?"

"माझ्याकडेच तोंड होतं."

"अरे मग हाक मारायची!"

"त्यांनी मारली का?"

"गाढवा, बाप एवढ्या लांबून येऊन पायरीवर बसला, ती हाकच होती!"

"मी पण सगळी सुट्टी दारात उभा होतो, टकळे. ती हाक नव्हती?"

 त्या दिवशीचं पुढचं ऐका, नाना.

भोंगा झाला, तो आत गेला. संध्याकाळी बाहेर आला तर पायरी रिकामी. त्याला वाटलं, बघून गेले, बोलावण्यासारखा वाटलो नाही. दाढीमुळे ओळखला नाहीत का? की दाढीमुळे नाही? मी सप्टेंबरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही, आणि आता मला त्याची भीती वाटायला लागली आहे.

रस्ता तो केवढा! चार ढांगांचा. एकानं "ए" म्हटलं असतं तरी पलीकडे ऐकू गेलं असतं.

आता पुढचं. त्यानं जहाज कंपनीत सही केली आहे. शिडं, ताडपत्र्या, दोरखंड यांचं काम. तीन वर्षांचा करार. दोन डिसेंबरला जहाज सुटतं. म्हणतो, जमिनीवर वाट बघण्यापेक्षा पाण्यावर बरी.

अजून वेळ आहे. एक ओळ.

टकळी

१६ नोव्हेंबर

नाना,

आज हवालदारानं आठवड्याची पोती आणून ओतली. त्यात एक खाकी पिशवी होती, दोन बंदांची, तोंड शिवून बंद केलेलं. रंगाच्या दुकानदारानं चौकीत दिली होती : "पायरीवर कुणीतरी विसरलं." गाठीच्या शेजारी आडवा टाका.

तुम्ही ती विसरला नव्हतात. मला माहीत आहे. तुम्ही ती ठेवलीत. तो रस्ता ओलांडून येईल आणि उचलेल म्हणून. तुमच्या आळीत ती संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली असती. पण इथे बेवारशी पिशवी तासभरसुद्धा पायरीवर राहत नाही.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि नियम सांगितला. नात्यातल्या माणसाची वस्तू आम्ही स्वतः देऊ शकत नाही, खिडकीवर त्या बसतील. दादाला बोलावलं. तो आला, दाढी काढून. खांबाजवळ उभा राहिला. मी आतून हातानं खुणावत होते, ये, ये. शेवटी आला.

"पिशवी तुमची?" बाई.

"नाही. वडिलांची."

"मग वडील कुठायत?"

"घरी."

"हरवली हे त्यांना ठाऊक आहे?"

"त्यांनी हरवली नाही. ठेवली."

"ठेवलेल्या वस्तू इथे येत नाहीत. कशी आहे सांगा."

त्यानं न बघता सांगितलं, खाकी, दोन बंद, तळाला दुहेरी शिवण, गाठीवर आडवा टाका. बाईंनी पिशवी फिरवून पाहिली. "गाठीवर नाही, शेजारी आहे."

दादानं वाकून टाका पाहिला. मग हळूच म्हणाला, "त्यांचा कधी चुकत नाही."

"आत काय आहे?"

त्यानं पिशवीच्या शिवलेल्या तोंडाकडे पाहिलं. मागच्या माणसानं घसा खाकरला.

"माहीत नाही. पण माझ्यासाठी आहे."

बाईंनी चष्मा काढला. "असं इथे प्रत्येकाला वाटतं, बाबा." पण आवाज नेहमीचा नव्हता. नंतर मला त्यांनी सांगितलं की पूर्वी एकदा त्यांनी दया येऊन एका सख्ख्या भावाच्या हातात बॅग दिली होती. दुसरा भाऊ आठवड्यानं आला. बॅग त्याची होती. तेव्हापासून नियम.

फळी माझ्या हाताला लागते, नाना. मी ती पिशवी उचलून नेऊ शकते, कुणाला कळणार नाही. पण सापडलेलं ठेवू नये हे तुम्ही शिकवलंत, आणि मागितल्याशिवाय देऊ नये हे बाईंनी. घर आणि शहर दोन्ही माझ्या एकेका हाताला धरून उभी आहेत आणि मध्ये पिशवी आहे.

आत काय आहे ते फक्त तुम्हाला माहीत आहे. एक कार्ड पाठवा, कचेरीच्या नावानं : पिशवी माझी, आत अमुक, मुलाला द्यावी. बस. रागही सोडू नका हवं तर, राग ठेवून लिहा.

तार करणार होते. पण आपल्याकडे तार म्हणजे मयत. आई आधी छाती बडवेल आणि मग वाचून घेईल. म्हणून पत्रच टाकते आहे. दोन डिसेंबर लक्षात ठेवा.

टकळी

३ डिसेंबर

नाना,

गेला.

बंदराच्या फाटकाच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे जहाज मी पाहिलंच नाही. बाहेरून फक्त भोंगा ऐकला. निघताना त्यानं मला एक छोटी ताडपत्रीची थैली शिवून दिली. आडवा टाका गाठीवर, अगदी मधोमध. "पेन ठेवायला," म्हणाला. "तू लिहीत बसतेस ना सगळ्यांना."

रोज टपालवाला आला की मी उठून उभी राहायचे. बाई सुद्धा शेवटच्या आठवड्यात मान वर करून बघायला लागल्या होत्या. एकदा तर त्यांनीच विचारलं, "आज काही?"

मी इथे आल्यावर काय शिकले ते तुम्हाला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. मागावं लागतं, खिडकीशी जावं लागतं. मी गेले की खिडकीशी. सहा पत्रं लिहून मागितलं. आता असं वाटतं की मला अर्धाच धडा मिळाला होता. मागणाऱ्याला नाही म्हणायचंसुद्धा कुणाच्या जिवावर येतं, आणि मग तो काहीच म्हणत नाही. हे पुढचं पान कोण शिकवतं?

रागानं लिहिते आहे. उद्या टाकीन की नाही ठाऊक नाही. टाकलं तर आईला वाचून दाखवा. सगळं.

टकळी

८ डिसेंबर

नाना,

आणि पोस्टमनकाका,

तुमचं कार्ड काल आलं. माझ्या नावानं नाही, "हरवलेल्या वस्तूंची कचेरी" या नावानं, म्हणून बाईंनी उघडपणे मोठ्यानं वाचलं. अक्षर नानांचं नव्हतं. मजकूर असा :

"पिशवी माझी आहे. खाकी, दोन बंदांची. आत मनगटी घड्याळ आहे. विकत घेतलेलं आहे. मुलाला द्यावी. मुलगा अजून तिथे आहे का?"

आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तुमचं, काका : "पत्र दोन आठवडे कोनाड्यात पडून होतं. म्हातारबाबांना आता अक्षर लागत नाही. आज मी दुसरं टपाल द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, एक कागद वाचून दाखवाल का."

तेव्हा काका, हे पत्रही तुम्हीच वाचत असणार. तीन तारखेचं पत्र मी टाकलं आहे. ते याच्या आधी हातात पडलं तर कृपा करून मागे ठेवा, आधी हे वाचा. दुपारी नाना ओट्यावर असतात, उजव्या बाजूला बसा, डावा कान कमी आहे. आई चहा करेल, नाही म्हणू नका. आणि सगळं वाचा, गाळू नका. गाळायचं काम या घरात आजवर मीच सांगत होते, आता पुरे.

नाना, तुम्हाला दिसत नव्हतं. ऑगस्टातल्या पत्रातला पत्ता तेवढा तुम्ही कसाबसा वाचला असणार. तुम्ही त्या पायरीवर बसलात आणि समोरच्या दारात उभा असलेला दाढीवाला कोण, हे तुम्हाला कळलंच नाही. होय ना? तुमचं तोंड त्याच्याकडे होतं एवढंच. आणि आजूबाजूच्या एवढ्या माणसांपैकी एकालाही तुम्ही म्हटलं नाहीत, "बाबा, समोर माझा मुलगा दिसतो का?" ते तुम्ही शेवटी विचारलंत, आपल्या पोस्टमनकाकांना, आणि त्यांनी ते कार्डावर लिहिलं. तो अजून तिथे आहे का?

नाही, नाना. पाच दिवस झाले होते.

बाईंनी माझ्यासमोर पिशवीची शिवण उसवली. फडक्याच्या पुरचुंडीत घड्याळ होतं, तुम्ही गिऱ्हाइकांच्या वस्तू बांधता तशीच पुरचुंडी. बंद पडलं होतं. बाईंनी ते कानाला लावलं, मग चावी दिली. आमच्याकडे जमा वस्तूला हात लावायची परवानगी नाही, त्यांनीच केलेला नियम. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "काय बघतेस? पडून राहिलं की बिघडतं." आज सकाळी मी येण्याआधीच त्यांनी चावी दिलेली होती.

पिशवी आता वेगळ्या फळीवर आहे. तिथे हरवलेल्या वस्तू नसतात, मालकानं मागितलेल्या आणि न्यायच्या राहिलेल्या असतात. तिथली वस्तू लिलावात जात नाही. तीन वर्षं राहील. बाई म्हणाल्या, त्यांच्यानंतर जो येईल त्यालाही त्या सांगून ठेवतील, चावीचं सुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत मी जहाज कंपनीच्या कचेरीत गेले. मोठी खोली, खिडकी, रांग. पुढच्या बंदरावर निरोप पोचवतात म्हणे, महिन्याभरात मिळतो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "तुमचं कोण?" मी म्हटलं, "भाऊ. माझा." "निरोप थोडक्यात सांगा."

थोडक्यात सांगायला मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी सांगितला. दोनच शब्द. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला, बरोबर आहे का बघायला.

"नानांनी विचारलं."

काका, इथे थोडं थांबा. नाना काही म्हणतात का बघा. म्हणाले तर तसंच लिहून पाठवा. काही म्हणाले नाहीत, तर तुम्ही विचारा.

तुमची टकळी